वाचकांचे प्रश्न: सौरविजेसाठी बॅटरी किती मोठी असावी?

प्रश्न: घराच्या छतावर सौर पॅनेल बसवून रात्रीसाठी बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडायचा आहे. बॅटरीची क्षमता कशी ठरवावी?

उत्तर: सुरुवात पॅनेलपासून न करता रात्रीच्या वापरापासून करावी. समजा, ६० वॅटचे २ पंखे ८ तास, ९ वॅटचे ४ दिवे ५ तास आणि १० वॅटचा राउटर ६ तास चालणार असेल, तर एकूण वापर १२०० वॅट-तास, म्हणजे १.२ युनिट होतो. इन्व्हर्टरमध्ये साधारण दहा टक्के ऊर्जा वाया जाते असे धरल्यास बॅटरीतून सुमारे १.३५ युनिट काढावे लागतात. शिसे-आम्ल बॅटरी रोज निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून तिची क्षमता किमान २.७ युनिट हवी. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत (१२ × १५० = १८०० वॅट-तास) १.८ युनिट मावत असल्याने अशा दोन लागतील. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, त्यामुळे १.७ युनिट पुरतात, आणि रोजच्या वापरासाठी माझी पसंती तिलाच आहे.

फ्रिज किंवा पंप जोडणार असाल, तर सुरू होतानाचा त्यांचा क्षणिक भार नेहमीच्या कित्येक पट असतो, हे इन्व्हर्टर निवडताना ध्यानात घ्यावे. बॅटरीविना चालणारा साधा ग्रिड-जोड (वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेला) इन्व्हर्टर वीज गेल्यावर भर उन्हातही बंद पडतो, म्हणून हायब्रिड, म्हणजे ग्रिड आणि बॅटरी दोन्ही जोडता येणारा प्रकारच निवडावा. बॅटरीलगत डीसी (एकदिश) प्रवाहासाठीचा फ्यूज बसवणे मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळू नये.