महापौर नसलेले शहर

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत मेरीलँड राज्यातील कोलंबिया येथे राहते. ते शहरही आमच्या नवी मुंबईप्रमाणे आधी आराखडा आखून वसवले, मात्र तेथे महापौरच नाही, असे ती सांगते. हे कसे?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : आपली मुलगी सांगते ते खरे आहे. बॉल्टिमोर आणि वॉशिंग्टन यांच्या दरम्यान, हॉवर्ड काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) शेतजमिनींवर हे शहर जेम्स राउस या विकासकाने उभे केले. खरा गिऱ्हाईक एकच आहे हे फुटले असते तर भाव कडाडले असते. म्हणून वेगवेगळ्या कंपन्या पुढे करून त्याने सुमारे १४ हजार एकर, म्हणजे काउंटीचा जवळजवळ दहावा हिस्सा, गुपचूप पदरात पाडून घेतला. पैसा कनेक्टिकट जनरल या विमा कंपनीने पुरवला. १९६३ मध्ये त्याने स्वतःच हे जाहीर केले आणि १९६७ मध्ये शहर खुले झाले. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली ती १९७० मध्ये. आपल्याकडे जमीन सरकारने संपादित केली आणि त्यातून उद्भवलेला साडेबारा टक्क्यांचा, म्हणजे जमीन गेलेल्यांना तितके टक्के विकसित भूखंड परत देण्याचा, प्रश्न नेरूळकरांना सांगायला नको.

आपल्याकडे नेरूळसारखे नोड, म्हणजे शहराचे आखीव विभाग, तशी तेथे दहा ‘व्हिलेज’ आहेत. टपालपेट्या दारोदार न लावता एकत्र बसवल्या, हेतू हा की टपाल न्यायला आलेल्या शेजाऱ्यांची गाठ पडावी. निरनिराळ्या पंथांसाठी सामाईक प्रार्थनागृहेही बांधली. मात्र, माझ्या मते, राउसचे खरे मोठेपण वेगळेच आहे : घरविक्रीतील वर्णभेदाला बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९६८ चा, पण कोलंबियात त्याआधीपासूनच कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या शेजारी घर घेता येत होते.

आता महापौराविषयी. वस्ती लाखाच्या घरात असूनही कोलंबिया कायद्याने नगरपालिका नाही. पोलीस, शाळा हा कारभार काउंटीकडे आहे. तर तलाव, उद्याने, पोहण्याचे तलाव ‘कोलंबिया असोसिएशन’ ही विनानफा संस्था सांभाळते. आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखीच ही व्यवस्था असल्याने, मुलीचे घर स्वतःचे असेल तर तिला घरपट्टीखेरीज या संस्थेचा वार्षिक आकारही भरावा लागत असणार.