हापूसची बाग पाच वर्षांसाठी एकरकमी घ्यावी का?

ऐरोलीहून आलेला प्रश्न: वय 46, नोकरी चालू. 9 लाखांची एफडी आहे, मुलगी दोन वर्षांनी इंजिनिअरिंगला जाईल. राजापूरजवळ गावी चुलतभावाच्या शेजाऱ्यांची हापूसची 120 कलमे पाच वर्षांच्या कराराने मिळत आहेत. दरवर्षी सुरुवातीला भरले तर 1 लाख 75 हजार, पाचही वर्षांचे आत्ताच दिले तर साडेसात लाख. खत, फवारणी, राखण, तोडणी मिळून वर्षाला 1 लाख 20 हजार खर्च. भावाच्या म्हणण्याप्रमाणे झाडामागे दोन पेट्या मिळतात आणि खोके, वाहतूक वजा जाता पेटीला 1,800 सुटतात. घेऊ का?

उत्तर: बाग करून बघायला हरकत नाही, पण साडेसात लाख एकदम देऊ नका.

आधी ती सवलत बघू. पाच वर्षांचे पावणेदोन लाखांप्रमाणे पावणेनऊ लाख होतात, म्हणजे एकरकमी दिल्यास सव्वा लाख वाचतात असे दिसते. पण पुढच्या चार वर्षांचे पैसे तोवर तुमच्याकडेच 7 टक्क्यांनी वाढत राहिले असते. तो हिशेब धरला तर त्या पाच हप्त्यांची आजची किंमत सुमारे 7 लाख 68 हजार येते. म्हणजे खरी सवलत 18 हजारांची. तेवढ्यासाठी पाच वर्षांच्या हवामानाचा सगळा धोका तुम्ही विकत घेताय.

हा धोका कसा येतो ते नीट समजून घ्या, कारण तुमचा नफा त्यावरच ठरणार आहे. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात जमीन सुकून झाडाला ताण बसावा लागतो आणि मग थंडीत मोहोर फुटतो. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की मोहोराऐवजी पालवी येते. ती पालवी पक्व होईपर्यंत मोहोर लांबतो आणि फळ मेच्या शेवटी तयार होते. तोवर वाशीच्या बाजारात कर्नाटकचा आंबाही भरपूर आलेला असतो, भाव उतरतो. मोहोर वेळेवर आला तरी कैरी धरल्यावर थंडीची दुसरी लाट आली तर पुनर्मोहोर फुटतो, झाडाची ताकद नव्या मोहोराकडे जाते आणि लहान कैरी गळते. ढगाळ हवेत तुडतुडे ही कीड आणि भुरी हा रोग वाढतो, म्हणजे दोन-तीन फवारण्या जास्तीच्या. मार्चच्या कडक उन्हात फळ भाजते, गळते. शेवटी मे महिना. 2021 मध्ये तौक्ते वादळ मेच्या मध्यावर आले आणि झाडावरचा आंबा जमिनीवर आला. 2025 मध्ये मॉन्सून 25 मे रोजीच कोकणात पोचला. उशिराचा आंबा ज्यांच्या झाडावर होता त्यांच्या हातचे गेले.

लक्षात घ्या, खराब वर्षी उत्पन्न घटते, खर्च घटत नाही. उलट औषधाचा वाढतो. शिवाय हापूस मुळातच एक वर्षाआड चांगला धरतो. म्हणून झाडामागे दोन पेट्या हे चांगल्या वर्षाचे माप धरा. पाचात दोन वर्षे 240 पेट्या, दोन वर्षे 150 पेट्या 1,700 ने, एक वर्ष 80 पेट्या 1,500 ने, असे मांडले तर एकरकमी घेऊनही पाच वर्षांत हाती राहतात फक्त 1 लाख 44 हजार. साडेसात लाख 7 टक्क्यांनी ठेवले तर तेवढ्याच काळात व्याज सुमारे 3 लाख होते, आणि मुलीच्या प्रवेशाच्या वेळी पैसे मोडता येतात. बागेतले मोडता येत नाहीत.

त्यामुळे एकाच हंगामाचा करार मागा आणि पैसे झाडाच्या अवस्थेला बांधा: मोहोर दिसल्यावर 50 हजार, फळ सुपारीएवढे झाल्यावर 60 हजार, उरलेले 65 हजार निम्मी तोडणी झाल्यावर. मोहोर आलाच नाही तर करार रद्द, हे स्पष्ट लिहा. मालक ऐकत नसतील तर निम्म्या वाट्याने मागा. चांगल्या वर्षी तुम्हाला कमी मिळेल, पण वाईट वर्षी तेही तुमच्याबरोबर असतील. बोलणी करण्यापूर्वी मागच्या पाच वर्षांच्या बाजाराच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, बघा. रकमेइतकीच तारीख महत्त्वाची: पहिली पेटी मार्चमध्ये गेली की मेमध्ये, त्यावरून बागेचा स्वभाव कळतो. गेल्या वर्षी झाडे लगडली असतील तर यंदा हात आखडता ठेवा.

कल्टारचेही, म्हणजे मोहोर यावा म्हणून झाडाला घालायच्या औषधाचेही, आधीच ठरवा. ते जुलै-ऑगस्टमध्ये घालतात, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला 3 मिली या मापाने. करारदार ते जास्त ओततात आणि खत कमी देतात, म्हणून मालक धास्तावलेले असतात. मात्रा आणि खत दोन्ही करारात लिहिलेत तर भावही थोडा उतरेल.

विम्यावर फार विसंबू नका. हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, तुमच्या झाडाखाली किती कैरी पडली यावर नाही. आणि तुमच्याकडे फक्त फळांचा करार असेल, तर विमा सातबारा ज्यांच्या नावे आहे त्यांच्या नावावर निघेल आणि भरपाईही त्यांच्याच खात्यात जमा होईल. हप्ता कोण भरणार आणि भरपाई कशी वाटणार हे आधी लिहून घ्या. शेतीचे उत्पन्न म्हणून करमाफीही गृहीत धरू नका. जमिनीत हक्क नसताना उभे फळ घेऊन विकले तर तो व्यापार ठरू शकतो. सीएंना करार दाखवा.

खर्च आणि पहिले दोन हप्ते धरून पहिल्या हंगामात स्वतःचे 2 लाख 30 हजारांपेक्षा जास्त घालू नका, शेवटचे 65 हजार विक्रीतून द्या. एफडी एकच असेल तर ती मोडून तीन तुकड्यांत ठेवा, म्हणजे बागेसाठी बाकीच्या पैशाला हात लावावा लागणार नाही. सोसायटीत पेट्या विकायचा विचार असेल तर पेटीमागे चार पैसे जास्त सुटतील, पण मोहोर बघितल्याशिवाय कुणाकडून आगाऊ रक्कम घेऊ नका. मोहोरापासून फळ उतरायला साधारण चार महिने लागतात. तारीख तिथून मोजा आणि अक्षय्य तृतीयेचा शब्द देऊ नका.