मत दिलं की नागरिकाचं काम संपतं का?

नाही, तिथून ते सुरू होतं. संविधानाच्या कलम ५१-क मध्ये ११ मूलभूत कर्तव्यं आहेत, पण ती नुसती पाठ करून फारसं हाती लागत नाही. त्यापेक्षा गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गोंड गावाची घोषणा. तिथल्या ग्रामसभेत निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतात. वेळ जातो खरा, पण एकट्या पडलेल्या माणसाचं म्हणणंही ऐकून घ्यावं लागतं. मला लोकशाहीचं मर्म इथंच दिसतं. २००९ मध्ये गावानं जंगलावरचा सामूहिक वनहक्कही मिळवला.

आणि नागरिकाची जबाबदारी गावापुरतीच नसते, ती 'जागतिक'ही असते. हंसा मेहता आपल्या संविधान सभेत होत्या, तशाच संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावरही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द येणार होते; त्यांनी आग्रह धरला म्हणून तिथे 'सर्व मानव' आलं. घरात सुनेचं, मुलीचं मत विचारणं आणि जाहीरनाम्यातला तो शब्द बदलून घेणं, मला तरी एकाच कामाचे भाग वाटतात.

गावात राहत असाल तर पुढच्या ग्रामसभेची तारीख आजच विचारून घ्या. आणि जाताना घरातल्या बायकांनाही सोबत न्या.