मंडळ यादीतून गळलं, तर आधी तक्ता मागा

प्रश्न : 2023 साली दुष्काळसदृश महसूल मंडळांची (तालुक्यातल्या काही गावांच्या गटांची) यादी निघाली, त्यात आमचं मंडळ नव्हतं. भात करपलं, नाचणाही हाताला लागला नाही. शेजारचा हातकणंगले तालुका मात्र अख्खा बसला. वशिल्याशिवाय हे होत नाही, असं गावात बोलतात. ठरवतात तरी कसं, आणि ते आम्हाला तपासता येईल का?
— एक वाचक, पन्हाळा तालुका

उत्तर : तपासता येतं. त्या वर्षी दोन वेगळ्या पद्धती लागल्या होत्या, त्यांची गल्लत करू नका.

31 ऑक्टोबर 2023 ला राज्यातले 40 तालुके जाहीर झाले. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातून त्यात हातकणंगले आणि गडहिंग्लज होते. ही तालुक्याची पद्धत. पावसाची तूट आणि खंड, पेरणीक्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, भूजल असे निर्देशांक आधी बघतात आणि मग काही गावं निवडून शेतात प्रत्यक्ष पाहणी करतात. त्यानंतर 10 नोव्हेंबरच्या शासन निर्णयाने उरलेल्या तालुक्यांतली महसूल मंडळं घेतली. त्यांना दोनच अटी होत्या आणि दोन्ही पुऱ्या व्हायला हव्या होत्या : जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या 75 टक्क्यांपेक्षा कमी, आणि एकूण पाऊस 750 मिलिमीटरपेक्षा कमी.

तुमचं मंडळ बहुधा दुसऱ्या अटीत अडकलं असावं. समजा, मंडळाची सरासरी 1,300 मिलिमीटर आहे आणि पाऊस 62 टक्के झाला. म्हणजे 806 मिलिमीटर. तूट मोठी, पहिली अट पुरी. पण 750 चा आकडा ओलांडला म्हणून मंडळ बाद. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीच्या पश्चिम अंगाला हे सहज घडतं. आमच्या मते ही अट डोंगरी भागावर अन्याय करणारी आहे. जुलैच्या आठ-दहा दिवसांत निम्मा पाऊस कोसळला आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर बेरीज भरते, पण भात भरत नाही. आपल्याकडच्या आमदार-खासदारांकडे धरायचा आग्रह या अटीबद्दल धरावा. वशिल्याचा आरोप त्याआधी नको.

आता पडताळणी. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. जून ते सप्टेंबरची बेरीज करा आणि सरासरीशी ताडून बघा. एखाद्या दिवशी भोवतालच्या सगळ्या मंडळांत 40-50 मिलिमीटर आणि तुमच्याकडे शून्य दिसलं, तर पावसापेक्षा पाऊस मोजणाऱ्या यंत्रावर संशय घ्या. नरसाळ्यात पालापाचोळा अडकणं, मुंग्यांनी घर करणं, बॅटरी उतरणं हे नेहमीचं. झाड किंवा भिंत जवळ असली की पाऊस कमी नोंदतो. अडथळा त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवा. पाऊसमापक केंद्राचा फोटो जोडून तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. कमी पाऊस दाखवणारं यंत्र दुष्काळाच्या वर्षी फायद्याचं वाटतं, पण तेच यंत्र पुराच्या वर्षी 24 तासांतला 65 मिलिमीटरचा अतिवृष्टीचा निकष चुकवतं. म्हणून दुरुस्ती वेळीच करून घ्या.

तरीही हिशेब जुळला नाही, तर तहसील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘आमचं मंडळ का वगळलं?’ असं विचारलं की ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं उत्तर येतं. कागद मागा : ‘अमुक मंडळाचा जून ते सप्टेंबर 2023 चा पाऊस, धरलेली सरासरी, ती कोणत्या वर्षांची, आणि वरिष्ठांकडे पाठवलेल्या तक्त्याची प्रत.’ 30 दिवसांत उत्तर नाही, तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत पहिलं अपील, 20 रुपयांच्या स्टँपवर. खरं तर हा तक्ता यादीसोबतच चावडीवर लागायला हवा. नुसती मंडळांची नावं छापली की संशय वाढणारच.

प्रश्न : आमचं मंडळ फोडून नवं केलं, पण पाऊसमापक जुन्याच मंडळाच्या गावात राहिला. मग आमचा पाऊस कुठला धरतात?
— एक वाचक, भुदरगड तालुका

उत्तर : 2023 मध्ये हाच घोळ झाला. नव्या मंडळांत केंद्रं नव्हती म्हणून ती पहिल्या यादीत आली नाहीत. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्यातली अशी 224 मंडळं पुढे समाविष्ट झाली. ग्रामसभेचा ठराव करून नवं केंद्र मागा, आणि तोवर कोणत्या केंद्राचा आकडा धरणार हे तहसीलदारांकडून लेखी घ्या. हे काम पाऊस सुरू व्हायच्या आधीचं आहे.

प्रश्न : गावाची पैसेवारी 50 च्या वर लागली. पीक तर निम्मंही नाही. हरकत कशी घ्यायची?
— एक वाचक, आजरा तालुका

उत्तर : 7 ऑक्टोबर 2017 च्या शासन निर्णयापासून तालुका दुष्काळी ठरवण्याचा आधार पैसेवारी (गावाचं पीक शंभरातलं किती आलं तो आकडा) राहिलेला नाही, पण गावाच्या पिकाची अधिकृत नोंद म्हणून तिचं महत्त्व आहे. खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम डिसेंबरात लागते. हरकत नजरअंदाजच्या वेळीच घ्या, अंतिम लागल्यावर फार काही हाती राहत नाही.

प्रत्यक्ष उत्पादन भागिले प्रमाण उत्पादन, गुणिले 100, हे गणित. चूक बहुतेक वेळा पहिल्या आकड्यात सापडते, कारण उत्पादन मोजायच्या नमुना कापणीसाठी रस्त्याकडेची, पाणी मिळणारी शेतं धरली जातात आणि माळाची जिरायत सुटते. म्हणून हरकतीत ‘पैसेवारी चुकीची आहे’ एवढंच लिहू नका. कापणी कोणत्या गटांत झाली त्यांचे नंबर मागा, त्यातले किती बागायत ते सात-बारावरून दाखवा, आणि जिरायत गट सुचवून तिथे समितीसमोर फेरकापणी मागा. सरपंच आणि सोसायटीचे अध्यक्ष त्या समितीत असतात, तेव्हा कापणीच्या दिवशी त्यांना शेतावर हजर राहायला सांगा. वजन झाल्यावर पंचनाम्यावर आकडा भरलेला असल्याशिवाय कुणीही सही करू नये.