एकाने ‘नको’ म्हटलं की...

प्रश्न : आसियानच्या (आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या) बातमीत दरवेळी नेते हात गुंफून उभे असलेला फोटो असतो. दक्षिण चिनी समुद्र असो की म्यानमार, पुढे काही घडत नाही. सरळ मतदान घेऊन बहुमताने निर्णय का घेत नाहीत? – पदवीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : तो फोटो मलाही आता बघवत नाही. उजवा हात डावीकडच्याला, डावा उजवीकडच्याला, अशी ती कसरत. 2017 मध्ये मनिलात ट्रम्प यात असे गोंधळले की आधी दोन्ही हात एकाच शेजाऱ्याला देऊन बसले.

इंडोनेशियन वर्तमानपत्रं वाचणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे तुमच्या प्रश्नातली चीड तिथल्या अग्रलेखांतही मला भेटते. त्यात दोन शब्द सतत येतात : ‘मुशावारा’ आणि ‘मुफाकत’. पहिला, म्हणजे विचारविनिमय, हिंदीतल्या ‘मशवरा’चा सख्खा भाऊ; दुसरा म्हणजे एकमत. सगळे सहमत होईपर्यंत बोलत राहायचं, हात वर करून मोजायचं नाही. 2008 मध्ये लागू झालेल्या आसियानच्या सनदेतही हीच रीत आहे. सचिवालयाची वर्गणीसुद्धा सगळ्यांची सारखी. लाओसची जितकी, तितकीच सिंगापूरची!

ही रीत का पडली, ते 1967 च्या बँकॉकमध्ये कळतं, जिथे पाच देशांनी आसियान स्थापन केली. इंडोनेशिया आणि मलेशिया यांची चकमक मिटून जेमतेम वर्ष झालेलं. सिंगापूर मलेशियातून बाहेर पडून दोन वर्षं. फिलिपिन्स साबावर हक्क सांगत होता. बहुमताने आपल्यावर काही लादलं जाईल अशी नुसती शंका आली असती, तरी या पाचांतले निम्मे दारातूनच परतले असते. आज मोठ्या सत्ता आसियानच्या टेबलाशी येऊन बसतात त्याचंही कारण हेच. अमेरिका, चीन, रशिया, भारत सगळे पूर्व आशिया शिखर परिषदेला येतात, कारण या यजमानाची कुणालाच धास्ती वाटत नाही.

पण याची किंमत कोण मोजतं, तेही पाहा. जुलै 2012, नॉम पेन्ह. परराष्ट्रमंत्र्यांच्या संयुक्त निवेदनात स्कारबरो शोलचा (दक्षिण चिनी समुद्रातल्या, चीन आणि फिलिपिन्स दोघेही हक्क सांगतात त्या खडकाळ उथळ्याचा) उल्लेख हवा, असा फिलिपिन्सचा आग्रह. हा दोन देशांमधला वाद आहे, असं म्हणत अध्यक्षपदावरच्या कंबोडियाने तो अडवला. आसियानच्या 45 वर्षांत पहिल्यांदाच निवेदन निघालं नाही. मग इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री मार्टी नातालेगावा राजधान्या पालथ्या घालत फिरले आणि सहा मुद्द्यांवर सगळ्यांना राजी केलं. त्या सहांत स्कारबरोचं नाव नव्हतंच. पुढच्या जानेवारीत फिलिपिन्स चीनविरुद्ध एकटा आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला आणि 2016 मध्ये बव्हंशी जिंकला. चीनने निकाल झुगारला. काही दिवसांनी व्हिएन्तियानला निघालेल्या आसियानच्या निवेदनात त्या निकालाचा उल्लेखही नाही. मी फिलिपिनो असते, तर हात गुंफायला गेलेच नसते.

तरीही दोष एकमताच्या नियमावर ढकलणं मला पटत नाही. म्यानमारचंच बघा. एप्रिल 2021 मध्ये जकार्तात तिथला हिंसाचार थांबवण्यासाठी पाच मुद्द्यांवर सहमती झाली तेव्हा सत्ता बळकावणारे लष्करप्रमुख मिन आंग ह्लाइंग स्वतः हजर होते. घरी जाऊन त्यांनी ती बासनात गुंडाळली. ऑक्टोबरच्या शिखर परिषदेला मात्र आसियानने त्यांना बोलावलं नाही. 2026 चं अध्यक्षपद म्यानमारचं होतं, तेही फिलिपिन्सकडे वळवलं. नियम तोच होता ना? म्हणजे मनात आलं की वाट सापडते, आणि चीनचा विषय निघाला की कुणाच्या मनात येत नाही.

प्रश्न : व्हिएतनाम नेमका कुणाच्या बाजूचा? – एक निवृत्त शिक्षक

उत्तर : व्हिएतनामच्या. सप्टेंबर 2023 मध्ये हनोईत बायडेन आले आणि दोन्ही देशांचे संबंध सर्वोच्च पायरीवर नेले गेले. त्या पायरीवर चीन आधीपासूनच उभा होता. डिसेंबरात त्याच शहरात शी जिनपिंग आले. दोघांचं स्वागत करणारे यजमान एकच, कम्युनिस्ट पक्षाचे तेव्हाचे सरचिटणीस न्वेन फू चोंग. आपल्या या धोरणाला ते बांबूची उपमा देत : मूळ घट्ट, फांद्या लवचिक.