‘किती दिवस राहिले?’ या प्रश्नाच्या मागे

“साहेब स्पष्ट सांगत नाहीत. तुम्ही तरी सांगा ताई, किती दिवस राहिले?”

कॅन्सरच्या पेशंटांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम. हा प्रश्न परभणीचा माणूस विचारतो, बीडचा विचारतो, हिंगोलीचाही विचारतो. आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलाय असं कळलं की दुसरं काही सुचतच नाही. म्हणून एका कुटुंबाबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पेशंटना आबा म्हणू.

आबा जालना जिल्ह्यातले, वय 56. चार एकर मोसंबी, बाकी कपाशी. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, आणि निदान झालं तेव्हाच लिव्हरमध्ये गाठी. दर 14 दिवसांनी केमो. हॉस्पिटलात सलाईनमधून औषध चढायचं, मग कंबरेला छोटा पंप लावून आणखी 46 तास. पहिल्या भेटीत आबा गप्प होते. काकू बोलल्या.

“माळकरी माणूस हाय ताई. दारूच्या थेंबाला कधी शिवलं नाही. मग लिव्हर कामून गेलं? गावात लोक म्हणायलेत, चोरून पीत असतील.”

हे मी अनेकदा ऐकलंय. आजाराचं दुःख एकीकडे आणि ही बदनामी दुसरीकडे. मी कागदावर आतडं काढलं, लिव्हर काढलं. आतड्यातून निघालेलं रक्त आधी लिव्हरमध्येच जातं, त्यामुळे आतड्यातल्या कॅन्सरच्या पेशी सुटल्या की पहिल्यांदा बहुतेक तिथेच अडकतात. याचा दारूशी संबंध नाही. हा वेगळा लिव्हरचा कॅन्सरही नाही. आतड्याचाच आहे, म्हणून औषधंही आतड्याच्या कॅन्सरचीच चालतात. आणि ताटवाटी वेगळी करायची गरज नाही, हा आजार कुणाला लागत नाही.

आबांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. “तो कागद मला द्या,” म्हणाले. घडी घालून खिशात ठेवला. गावात कुणाला दाखवायचा होता, ते मी विचारलं नाही.

पुढच्या भेटीत त्यांनी तो प्रश्न विचारलाच. डॉक्टर तारीख लपवत नसतात, तारीख नसतेच. समजा डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटांचा सरासरी काळ दोन वर्षं. म्हणजे साधारण निम्मे लोक त्याच्या आधी जातात, निम्मे त्याच्या पुढे जगतात. काही तर कितीतरी पुढे. आबा कोणत्या निम्म्यात, ते आज कुणालाच सांगता येत नाही. औषधाला गाठी कशी साथ देतात, ते दोन-तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये दिसतं. काही जणांच्या गाठी इतक्या आकसतात की लिव्हरचा तेवढा भाग ऑपरेशनने काढता येतो. उरलेलं निरोगी लिव्हर पुन्हा वाढतं. सगळ्यांना हे शक्य नसतं, पण विचारायला हवं.

आबा ऐकून म्हणाले, “ते समदं खरं. पर मला तारीख पाहिजेच. त्याबिगर माझं डोकंच चालंना.”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची, म्हणजे माणूस दुःखापेक्षा ‘असंच हवं’ या हट्टाने जास्त अडतो असं मानणारी. माझं लक्ष त्या ‘पाहिजेच’वर गेलं. तारीख कळली असती तर बरं झालं असतं, हे दुःख खरं आहे. पण ‘कळल्याशिवाय मी काहीच करणार नाही’ म्हटलं की माणूस जिवंतपणीच थांबतो. मी त्यांना पेरणीचा दाखला दिला. पाऊस येणार की नाही हे माहीत नसताना तुम्ही पेरताच ना?

“पावसाचं येगळं असतं ताई,” ते शांतपणे म्हणाले. “अवंदा नाही आला तर पुढल्या साली येतो.”

त्यांचं बरोबर होतं. मी दाखला सोडून दिला आणि विचारलं, “बरं, समजा तारीख कळली. उद्या सकाळी उठून काय कराल?”

क्षणभरही न थांबता उत्तर आलं. “आंबे बहार धरायचा का नाही, ते ठरवीन.”

तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. आंबे बहार म्हणजे मोसंबीचाच एक फुलोरा. तो घ्यायचा तर बागेचं पाणी तोडून ताण द्यायचे दिवस जवळ आले होते. जानेवारीच्या आसपास पाणी सोडलं की फूल लागतं आणि फळ दिवाळीच्या आगेमागे हाती येतं. म्हणजे वर्षाचा हिशोब.

“बहार धरला आणि तोडणीला तुम्ही नसलात, तर कोण तोडेल?”

“व्यापारी तोडतो. बाग दिली की तोडणी त्याचीच.”

“मग अडचण कुठे आहे?”

ते गळ्यातल्या माळेचा एकच मणी बोटात फिरवत राहिले. बराच वेळ. मी बोलले नाही. अशा वेळी गप्प राहायला मला फार वर्षं लागली, आणि ते जमलं याचं मला समाधान आहे.

“हिनं वीस वर्षं त्या बागेत खुरपलं. पर ताण किती द्यायचा, व्यापाऱ्याला काय भाव सांगायचा, सोसायटीचं किती देणं हाय, हे म्या हिला कधी सांगितलंच नाही. म्या गेलो तर लोक हिला फसवतील.”

काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

‘किती दिवस’ हा प्रश्न आबा स्वतःसाठी विचारतच नव्हते. त्या दिवसापासून मी कुणालाही या प्रश्नाचं उत्तर लगेच देत नाही. आधी विचारते, कशासाठी हवंय? कुणाला मुलीचं लग्न उरकायचं असतं, कुणाला भावाशी तुटलेलं बोलणं जोडायचं असतं, कुणाला नुसती दुखण्याची भीती असते. ती कामं आणि ती भीती मात्र तारखेवाचून हाताळता येतात. दुखण्यावर चांगली औषधं आहेत. त्यासाठीच्या वेदनाशामक उपचारांचे डॉक्टर शेवटी शोधायचे नसतात, सुरुवातीलाच गाठायचे.

घरच्यांना माझं सांगणं आहे की डॉक्टरांना तारीख विचारू नका, हे विचारा: उपचार आजार काढून टाकायला आहे की आवरायला? लिव्हरच्या ऑपरेशनचा विचार पुढे होऊ शकतो का? केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. कुणी काढा, जडीबुटी दिली तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका, कारण काही औषधी लिव्हरलाच बाधतात. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाकडून, समजून घ्या. आणि पेशंटच्या हातातलं काम काढून घेऊ नका. आबांच्या पोराने प्रेमापोटीच त्यांना बागेत जायची बंदी केली होती. ती आम्ही आधी उठवली.

आबांनी बहार धरला. संध्याकाळी ते सांगायचे आणि काकू नातवाच्या वहीत लिहून घ्यायच्या. सोसायटीचा आकडा, खतवाल्याची उधारी, कोणत्या झाडाला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, झालेला.

डिसेंबरच्या शेवटी केमोसाठी आले तेव्हा आबांच्या हातात लोकरीचे मोजे होते. या औषधाने गार वस्तूला हात लावला की बोटांत झणझणतं, मुंग्या येतात. थकव्याने ते दहा-बारा दिवस बागेत गेले नव्हते. काकूंनी रिपोर्टच्या फाइलमधून मोसंबीची पानं काढली आणि पलंगावर मांडली. काही पिवळी, काही अर्धी हिरवी. आबांनी मोजा काढला, एक पान बोटांत धरून दुमडून पाहिलं.

“आणखी आठ दिवस थांब. मग पाणी सोड.”

“खालच्या झाडांना आठ,” काकू म्हणाल्या. “वरच्या अंगाला मुरमाड हाय. तिथं म्या चार दिवसांतच सोडणार.”

आबांनी पान खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

“बरोबर हाय तिचं,” म्हणाले.