वयस्कर आईच्या फोनवर यूपीआय चालू करून द्यावं का?

द्या. विचारताय काय! बँकेत आईचं दुसरं छोटं खातं उघडा, घरखर्चापुरते पैसे त्यात ठेवा आणि तेवढंच जोडा. ठेवींचं खातं जोडू नका.

आमच्या घरी यावरून महाभारत झालंय. सासूबाई ठाण्याला नौपाड्यात आमच्याकडेच असतात. यूपीआय त्या माझ्याकडून शिकल्या आणि जांभळी नाक्याला एकट्या जाऊ लागल्या. एकदा मसाल्याच्या मिरच्या घेतल्या, ६५० रुपये खात्यातून गेले, पण दुकानातला साउंडबॉक्स गप्प. दुकानदार म्हणाला, "आजी, आले नाहीत." आईंनी बटव्यातून रोख मोजून दिली आणि मिरच्या घेऊन घरी आल्या. पैसे काही दिवसांत आपोआप परत आले. रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियमच आहे: दुकानदाराला न पोचलेले पैसे पाच दिवसांत परत यायला हवेत, माणसाला पाठवलेले दुसऱ्या दिवसापर्यंत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. आई म्हणाल्या, "बाजारात नोट पडली असती तर आली असती का परत?"

पण धाकट्या भाऊजींना निमित्त मिळालं. कोपरखैरण्याहून आले आणि कुणाला न विचारता आईंच्या फोनमधलं अ‍ॅप काढून टाकलं. "आई, काय लागेल ते मला सांग, मी पाठवतो." म्हणजे पेन्शन आईंची आणि भिशीचे पैसे मागायचे मुलाकडे! नातीला पाचशे दिले तर "कशाला?" हा प्रश्न. स्वतः मात्र वडापावलाही स्कॅन करतात. ही काळजी नव्हे, हिशेब ठेवणं आहे. मी तेव्हाही तोंडावर म्हटलं होतं.

अ‍ॅप परत टाकलंय. आईंनीच टाकायला लावलं.

हां, एक राहिलं. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही, एवढं आईकडून घोकून घ्या. "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणणारा चोरच. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन. आणि नजर कमी झाली असेल, एखादं शून्य जास्त पडत असेल, तर माझं वरचं सगळं सोडा, रोखच बरी. पण तेही आईला विचारून. तुमच्याकडेही एखादे भाऊजी असतीलच.